उजनीच्या 168 निगेटिव्ह आणि रद्दीत गेलेली 40 पाकिटं

फेब्रुवारी 2024. दुपारी दोनच्या सुमाराला एक ताई दुकानात आल्या, पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. "आमच्या अण्णांचं आहे. उजनीचं धरण बांधत होते तेव्हा ते फोटो काढायला जायचे. सगळं कॉम्प्युटरवर घेऊन द्या."

सोलापुरात माझं दुकान याच कामाचं. जुने फोटो स्कॅन करायचे, फाटलेले जोडायचे, आजोबांच्या आयकार्डवरच्या फोटोवरून हार घालण्यापुरता मोठा फोटो करून द्यायचा. त्याआधीची पंधरा वर्षं डार्करूममध्ये गेली. म्हणून डबा उघडताच आलेला वास ओळखीचा वाटला. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आणि त्यात मिसळलेला आंबूस, व्हिनेगरसारखा. असा आंबूस वास आला की समजायचं, फिल्मचा ॲसिटेटचा पाया सडायला लागलाय. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, आणि एक पट्टी शेजारच्या पट्टीलाही नासवते. मला घाई झाली. त्या घाईनेच घात केला.

डब्यात बटर पेपरची 56 पाकिटं होती. प्रत्येकात तीन निगेटिव्हची एक पट्टी, सहा बाय सहा सेंटिमीटरचा चौकोन. एकूण 168 निगेटिव्ह, म्हणजे बारा-बाराचे 14 रोल. सोबत साठेक प्रिंट, आणि तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही.

त्या संध्याकाळी मी वरच्या पाकिटापासून सुरुवात केली. पाकीट काढायचं, पट्टी ब्लोअरने झटकायची, नव्या बिनआम्लाच्या पाकिटात घालायची, जुनं पाकीट खाली टाकायचं. रात्री साडेनऊपर्यंत 40 पट्ट्या झाल्या. जुनी पाकिटं पिवळी पडलेली, कडा चुरलेल्या, दोन-चारांना बुरशी. झाडून पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. सकाळी घंटागाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळिसावं पाकीट उजेडासमोर धरलं तेव्हा कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक लिहिलेलं दिसलं: 11/1. पुढचं 11/2. मग 11/3. रोल नंबर आणि पट्टी नंबर. उरलेल्या 16 पाकिटांवर अकरा ते चौदा या रोलचे नंबर होते. पहिल्या दहा रोलचे नंबर हिप्परग्याच्या रस्त्याने का कुठल्या रस्त्याने, कचरा डेपोत गेले होते.

हे प्रकरण लिहून काढायचं कारण एवढंच. धरणाच्या बांधकामाच्या फोटोत एकेकटा फोटो फारसं काही सांगत नाही, जे काही आहे ते क्रमात आहे. आणि क्रम मी फेकून दिला होता. तो परत कसा लावला, आणि कुठे लागला नाही, ते पुढे.

हे फोटो काढायचेच कशाला

बाहेरच्या माणसाला वाटतं, धरणाचे फोटो म्हणजे उद्घाटन, फीत, नारळ. अण्णांच्या डब्यात यातलं काहीच नाही. चर, दगड, मातीचा थर, पुन्हा चर. त्याला ऑफिसात म्हणायचे 'प्रगती फोटो'. काम कुठवर आलं हे वरच्या ऑफिसला दाखवायला ते लागत. शिवाय पायाचा फोटो हा पुरावा असतो. नदीच्या तळाशी खडक साफ करून, भेगांत सिमेंटचं ग्राउटिंग करून त्यावर बांधकाम चढलं की तो खडक पुन्हा कुणाच्याही दृष्टीला पडत नाही. मातीच्या बांधाखालचा चरही तसाच: त्यात काळी माती ठासून भरली की वरून नुसता बांध दिसतो. उद्या कुठे पाझर लागला तर "आत काय होतं" याचं उत्तर मोजमाप पुस्तकात आणि या फोटोंतच मिळायचं.

म्हणून फोटोत एक पाटी असते. शाळेतल्यासारखी काळी, तिच्यावर खडूने दोन आकडे: चेनेज आणि आर.एल. चेनेज म्हणजे बांधाच्या एका टोकापासूनचं अंतर. आर.एल. म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. पाटी धरणारा माणूस बहुतेक वेळा डोळे मिचकावून उभा, कारण दुपारचं ऊन. एका फोटोत पाटी उलटी धरलीय. तो फोटो अण्णांनी छापला नसावा, त्याची प्रिंट डब्यात नाही.

उजनी धरण दगडी बांधकामाचं आणि मातीचं, दोन्हींचं मिळून आहे. मधोमध सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडायचा भाग, आणि त्याचे 41 दरवाजे, दोन्ही अंगांना मातीचा बांध, एकूण लांबी अडीच किलोमीटरच्या वर. काम साठच्या दशकाच्या अखेरीला सुरू झालं आणि 1980 साली धरण पूर्ण झालं. अण्णांच्या वहीतल्या नोंदी 1973 ते 1979 च्या आहेत. सोलापूरहून एस.टी.ने टेंभुर्णी, तिथून ऑफिसची जीप मिळाली तर जीप, नाहीतर चालत भीमानगर. खांद्यावर यॅशिकाचा दोन लेन्सचा कॅमेरा.

कातरीच्या खुणा

पहिलं काम सोपं निघालं. अण्णा पट्ट्या कातरीने कापत, आणि हाताने कापलेली रेघ कधीच सरळ येत नाही. एका पट्टीचं टोक दुसरीच्या टोकाला लावायचं. फाटलेली नोट जुळवावी तसं. लाइटबॉक्सवर चाळीस पट्ट्या पसरल्या आणि तीन संध्याकाळी त्याच कामात गेल्या. फिल्मच्या कडेला छापलेलं कंपनीचं नाव आणि आकडे मदतीला होते, काही रोलवर तेही नव्हते. चार-चार पट्ट्यांचे आठ गठ्ठे नेमके जुळले. उरलेल्या आठ पट्ट्यांचं कापणं जरा सरळ होतं, ते दोन गठ्ठे आतल्या चित्रांवरून पाडले. झाले दहा रोल.

पण दहांत आधी कोणता? वहीत 13 नोंदी होत्या. "उजनी प्रगती फोटो, 8 नग, प्रती 3", खाली एस.टी. भाडं, चहा, आणि तारीख. एका खेपेला एकच रोल, हे अकरा ते चौदावरून दिसत होतं. रोलांचा क्रम लागला की तारखा आपोआप लागणार. मी पाट्यांवरचे आर.एल. वाचायला बसलो. धरण खालून वर जातं. आकडा जितका कमी तितका फोटो जुना. एका दुपारीत क्रम लावून टाकला आणि ताईंना फोन करून सांगितलंही की काम झालं.

दुसऱ्यांदा तोंडावर पडलो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त शाखा अभियंता राहतात, पाटबंधारे खात्यातले. त्यांना सहज दाखवायला गेलो. साहेबांनी चष्मा वर केला, दोन प्रिंट शेजारी ठेवल्या. एकीवर आर.एल. 481.20, दुसरीवर 474.60. मी 474.60 आधी ठेवली होती.

"हे कशावरून आधीचं?"

"आकडा कमी आहे साहेब."

"अहो, आकडा कमी आहे, पण कुठला? चेनेज बघितलं का? ही पाटी डाव्या अंगाच्या मातीच्या बांधावरची आहे, ही नदीच्या पात्रातली. बांध काय सगळीकडे एकदम वर चढतो होय? भिंत चढवल्यासारखा?"

मग त्यांनी मला अर्धा तास शिकवलं. मोठी नदी बांधताना पात्राचा भाग मुद्दाम मागे ठेवतात. पावसाळ्यात पूर येणार, त्याला जायला वाट हवी. म्हणून दोन्ही काठांचा मातीचा बांध आधी उंच करून घेतात, सांडव्याचे काही ठोकळे बुटके ठेवतात, आणि त्यांच्यावरून पूर जाऊ देतात. पात्राची खिंड बुजवायची ती शेवटी, एका उन्हाळी हंगामात, नदी आटलेली असताना. म्हणजे काठावर 481 आर.एल. गाठलं असताना पात्रात अजून 474 असू शकतं, नव्हे असणारच. आर.एल.ची तुलना करायची तर त्याच चेनेजला करायची.

घरी येऊन दहाही रोल पुन्हा मांडले. या वेळी तीन रकाने: डावा बांध, सांडवा, उजवा बांध. प्रत्येक रकान्यात आपापला आर.एल. चढत जाणारा. दोन रोल जागेवरून हलले. सांडव्याच्या फोटोत पाटी नव्हती तिथे खांब मोजले. दोन दरवाज्यांमधले दगडी खांब कुठे कंबरेएवढे आहेत, कुठे पूर्ण, कुठे त्यांच्यावर परांची आहे.

आणखी दोन खुणा अशा मिळाल्या की त्या पुस्तकात वाचायला मिळाल्या नसत्या.

एक, वहीत जून ते सप्टेंबर जवळजवळ नोंदीच नाहीत. पावसात मातीकाम बंद, तर फोटो कशाचे काढणार. पण ऑगस्टातली एक नोंद आहे. आणि एका रोलमध्ये बुटक्या ठोकळ्यांवरून धो-धो पाणी चाललंय, अलीकडे तिघे माणसं एका छत्रीत. त्या रोलची तारीख ठरवायला पाटी लागली नाही.

दुसरी खूण पिवळेपणाची. प्रिंटचा गठ्ठा बघताना लक्षात आलं की काही प्रिंट जास्तच पिवळ्या झाल्यात, आणि त्या एकेका खेपेच्या अख्ख्या आहेत. त्या काळचा ब्रोमाइड कागद हायपोतून काढल्यावर वाहत्या पाण्यात तासभर तरी धुवावा लागतो. हायपो आत राहिला की वर्षांनी डाग उमटतात. तारखा लागल्यावर बघितलं तर पिवळ्या प्रिंट बहुतेक एप्रिल-मे महिन्यांतल्या. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात आई भांडायची. पिपात पाणी नाही आणि तुम्ही फोटो कसले धुताय?" म्हणजे अण्णांनी फोटो धुवायचे म्हणून नुसते बुडवून काढले. ही माझी अटकळच आहे, पण डार्करूममध्ये काम केलेल्या सोलापूरकराला ती पटेल. मी हे काम करत होतो त्या उन्हाळ्यातही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं, आणि येत होतं ते उजनीचंच.

डब्यात घुसलेले पाहुणे

साठेक प्रिंटपैकी दोन वेगळ्या होत्या. कागद जाड, निगेटिव्ह नाही. रांगेने बसून खडी फोडणाऱ्या बायका, डोक्यावर पदर, समोर लहान लहान ढीग. घरात त्यांची ओळख "उजनीचे मजूर" अशी चालत आलेली. ताईंच्या भाचीने तर एक फ्रेम करून ठेवलेली. प्रिंट मोठी करून बघितली तेव्हा मागे कडुनिंबांची सरळ रांग दिसली आणि एक मैलाचा दगड. त्यावर "बार्शी" वाचता येत होतं, पुढचा आकडा नाही. हे धरण नव्हे, रस्ता होता. 1972 च्या दुष्काळात जिल्ह्यात खडी फोडायची कामं ठिकठिकाणी निघाली होती, हा फोटो त्यातला असावा. "असावा" म्हणूनच फोटोखालच्या मथळ्यात लिहिलं.

मथळा चुकणं ही काही गावठी चूक नाही. अमेरिकेतल्या लाइफ मासिकाचा पहिला अंक 23 नोव्हेंबर 1936 चा. मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइटने काढलेला फोर्ट पेक धरणाचा फोटो. जगभर तो धरणाचा फोटो म्हणून गाजला. त्यात दिसतो तो धरणाचा बांध नव्हेच, बांधापासून काही मैलांवर असलेला त्याचा सांडवा आहे. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सांडवाच फोटोत चांगला दिसतो हो. मातीचा बांध म्हणजे काय, टेकाड!"

कोपऱ्यातलं गाव

मे महिन्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. बाहेरगावच्यांना हा हिशेब कळत नाही म्हणून सांगतो. धरणात एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास 64 टीएमसी मृत साठा. म्हणजे वापरायच्या पाण्यापेक्षा न वापरायचं जास्त. पातळी 491.03 मीटरला आली की शून्य टक्के, 496.83 ला शंभर. त्या पावणेसहा मीटरच्या पट्ट्यावर अख्ख्या जिल्ह्याचा ऊस उभा असतो. 491 च्या खाली गेलं की उणे. अशा वेळी पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, जुने रस्ते, वाड्यांची जोती वर येतात.

नवव्या रोलची सहावी निगेटिव्ह बांधावरून वरच्या अंगाला बघून काढलेली आहे. समोर मातीवर शीपफूट रोलर, म्हणजे माती ठासणारा खुरांचा रूळ, चालू, ट्रॅक्टरवाल्याने डोक्याला मुंडासं बांधलंय. मी ती 2400 डीपीआयला स्कॅन केली होती. एवढ्या चौकोनाला त्यातून एका बाजूला पाच हजारांवर ठिपके मिळतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात धूसर काही होतं. मोठं केलं. झाडं, त्यात एक पांढरट टोक, खाली धाब्याच्या घरांच्या आडव्या रेषा.

त्या कोपऱ्याची वेगळी प्रिंट काढून टेंभुर्णीच्या बाजूला गेलो. ओळखीतून दोन म्हातारे बाबा भेटले, दोघांचीही गावं पाण्यात गेलेली. आधी पूर्ण फोटो दिला. पहिल्या आबांनी रोलरकडे बघितलंही नाही. बोट सरळ कोपऱ्यावर.

"धरण ऱ्हाऊ द्या हो. ही पिंपरण. हिच्याखाली आमचं खळं हुतं."

दुसऱ्या आबांनी फोटो ओढून घेतला. "कुठली पिंपरण? ही चिंच हाय. आन् हे शिखर आमच्या मारुतीचं. तुमच्या गावाला शिखर कवा हुतं?"

"हुतं की!"

"बांधलं ते उठून गेल्यावर. नव्या गावठाणात."

त्यानंतर तासभर माझं कुणी ऐकलं नाही. चहा दोनदा झाला. पिंपरण की चिंच हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पहिले आबा गप्प झाले तेव्हा दुसऱ्यांनीच म्हटलं, "दोन्ही प्रती द्या आमाला. ज्यानं त्यानं आपलं म्हणावं." मी दोन प्रती दिल्या. मथळ्यात लिहिलं: "मागे गाव. कोणतं ते निश्चित नाही. दोन दावे." आणि दोन्ही दावे खाली टिपले. बुडालेल्या गावाचा एखादा फोटो सरकारी कामाच्या फोटोच्या कोपऱ्यातच सापडतो, कारण त्या गावात कॅमेरा घेऊन दुसरं कोणी आलेलंच नसतं.

वहीत नसलेला रोल

तेरा नोंदी, चौदा रोल. अकरा ते चौदा नंबरचे रोल नोंदीशी जुळले. माझ्या दहापैकी नऊ जुळले. एक उरला.

त्यात एकही पाटी नाही. चेनेज नाही, बांध नाही. झोपड्या आहेत, तीन दगडांच्या चुलीवर तवा. झाडाला बांधलेल्या झोळीतलं मूल, झोळीची दोरी ओढणारी सहा-सात वर्षांची मुलगी. गाढवांची रांग. एका चित्रात आठ बायका उभ्या, फोटोला म्हणून केस चापून बसवलेले, एकीने घमेलं पोटाशी धरलंय जसं काही ते बक्षीस मिळालंय. हे कुणी मागितलेले फोटो नव्हते. बिल नाही कारण ऑर्डर नाही. अण्णांनी स्वतःचा रोल घालून काढलेले.

वहीत साहेबांच्या ग्रुप फोटोखाली प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट आहे. या आठजणींचं एकीचंही नाही.

वडार समाजातल्या एक आज्जी सोलापुरात नातवाकडे असतात, त्या चार-पाच हंगाम उजनीवर होत्या. त्यांना दाखवलं. त्यांनी चेहरे ओळखले नाहीत, घमेली ओळखली. "आमी गेलो तवा टोपल्या हुत्या वेताच्या. घमेली मागनं आली." कितव्या वर्षी? हसल्या. "वरीस कोण मोजतंय बाबा. पोरगं चालायला लागलं हुतं."

म्हणजे रोल सुरुवातीचा नाही. याच्यापुढे काही हाती लागलं नाही. कातरीच्या खुणेने त्याच्या चारही पट्ट्या एकमेकींना जुळल्या, पण बाहेरच्या कशालाही नाही. रद्दीत गेलेल्या चार पाकिटांवर त्याचा नंबर होता. सात असता तर सहा आणि आठच्या मधला काळ तरी कळला असता.

ऑगस्टात धरण भरलं त्याच आठवड्यात ताई काम न्यायला आल्या. हार्ड डिस्क, नवी पाकिटं, तीन रकान्यांचा तक्ता, वही स्कॅन करून. मी सगळं सांगितलं, घंटागाडीसकट. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग शेवटचं पाकीट उचललं, ज्याच्यावर मी पेन्सिलीने "रोल ?" एवढंच लिहिलं होतं.

"यावर कारणपण लिहा. नाहीतर उद्या कुणी म्हणेल अण्णांनीच नंबर घातला नव्हता."

टूबी पेन्सिल घेऊन मी खाली लिहिलं: "मूळ पाकिटावर नंबर होता. स्कॅन करणाऱ्याकडून फेब्रुवारी 2024 मध्ये हरवलं." त्यांनी वाचलं, पाकीट डब्यात सगळ्यात वर ठेवलं आणि झाकण लावलं.